अधिकारावाचून मान : महापौर शांताराम मिरजकर (१९५८–५९)

कोल्हापूर महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ नगराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. ह्या काळात नगराला महापौर नव्हता. तथापि राजारामपुरीच्या क्रमांक घातलेल्या गल्ल्यांत पाणी सुटत होते, कचरा उचलला जात होता आणि घरपट्टीची बिले तर येतच होती. मग महापौर नसल्याने नेमके काय उणे झाले, असा प्रश्न एखाद्या करदात्याने विचारला तर त्याला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

कायद्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. तिची महानगरपालिका झाली ती १५ डिसेंबर १९७२ रोजी, मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ ह्या कायद्याखाली. ह्या कायद्यात अंमलबजावणीची सत्ता शासनाने नेमलेल्या आयुक्ताच्या ठायी आहे, पैशाच्या किल्ल्या बव्हंशी स्थायी समितीकडे आहेत. महापौर हा सभेचा अध्यक्ष, समान मते पडल्यास निर्णायक मताचा धनी, आणि समारंभप्रसंगी नगराचा प्रथम नागरिक. प्रशासकाच्या काळात त्याची उणीव कचेरीतील फाइलींना जाणवली नाही, ती ह्यामुळेच. आणि तरीही ह्याच कोल्हापुरात पक्षापक्षांत व गटागटांत करार होऊन एका मुदतीत अनेकांनी महापौर व्हावे, कित्येकांनी काही महिन्यांपुरतेच व्हावे, अशी रीत पडून गेली होती. ह्या रीतीची टवाळी पुष्कळ झाली. परंतु जी वस्तू निरुपयोगी आहे तिच्या वाटण्या कोणी करीत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अधिकार नसलेल्या ह्या आसनाला मोल कशामुळे येते, हे पाहावयाचे तर ज्या मुंबईच्या कायद्यावरून पुढील कायदे बेतले गेले त्या मुंबईकडेच वळावे लागते.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड ह्या एकाच आयुक्ताच्या हाती सारी सत्ता एकवटली. त्याने शहर झाडून काढले, बाजार उभारला आणि तिजोरीही रिकामी केली. १८७१ मध्ये करदात्यांचा क्षोभ उसळला तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता ह्यांनी लोकमताच्या उलट बाजू घेतली. अंमलबजावणी एका माणसाच्याच हाती असावी, मात्र तो लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असावा, हा त्यांचा मुद्दा होता. १८८८ च्या कायद्यात महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही जी त्रयी सिद्ध झाली तिच्यात ह्या विचाराचा अंश स्पष्ट दिसतो. सभेच्या प्रमुखाला त्या काळी अध्यक्ष म्हणत; ‘मेयर’ ही पदवी आली १९३१ मध्ये, आणि बोमन-बेहराम हे त्या पदवीचे पहिले मानकरी. मराठीतील ‘महापौर’ हा शब्द सावरकरांचा म्हणून सांगितला जातो. पौर म्हणजे पुरवासी. तेव्हा महापौर म्हणजे पुरवासीयांतील मोठा. शासक किंवा अधिकारी असा अर्थ त्या शब्दात कोठेही नाही. कायद्याने जे पद निर्माण केले त्याचे इतके यथार्थ नामकरण क्वचितच झाले असेल. कलकत्त्यात १९२३ च्या कायद्यानंतर देशबंधू दास महापौर आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी अशी जोडी कामाला लागली, कारण तेथे कार्यकारी अधिकारी निवडण्याचा हक्क सभेला होता. मुंबईच्या महापौराला असे काहीही करता येण्यासारखे नव्हते.

ह्या आसनावर एप्रिल १९५८ मध्ये शांताराम सावळाराम मिरजकर बसले. त्यांचा जन्म १८९९ चा, महाड येथील. मुंबईत १९२७ च्या आरंभी कामकरी-शेतकरी पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याचे अध्यक्ष धुंडिराज ठेंगडी होते आणि चिटणीस मिरजकर. पुढच्याच वर्षी गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. त्याच धामधुमीत लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्माला आली आणि तिच्या पुढाऱ्यांत मिरजकर होते. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली व मीरतचा खटला उभा राहिला. आरोप असा की, बादशहाला ब्रिटिश हिंदुस्थानावरील सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट ह्या मंडळींनी केला. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला त्यात मिरजकरांना दहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींच्या शिक्षा पुष्कळच उतरविल्या.

राजद्रोहाच्या आरोपातून सुटून आलेले पुढारी पुढे मंत्री झाले, राज्यपालही झाले. त्यामुळे मिरजकरांचे महापौर होणे एवढ्यापुरते विलक्षण नव्हे. विलक्षण आहे ते त्यामागील मतदान. घरपट्टी किंवा ठराविक भाडे भरणाऱ्यांपुरताच मताधिकार मर्यादित होता तोवर परळ-लालबागच्या चाळीतील एका खोलीत दहा माणसांसह राहणारा गिरणी कामगार पालिकेच्या दृष्टीने नागरिकच नव्हता. १९४८ च्या निवडणुकीत प्रौढ मतदान आले आणि तो नागरिक झाला. १९२८ साली जो वर्ग केवळ संप करू शकत होता, त्याला आता मतही देता येऊ लागले.

त्यात भाषिक राज्याच्या प्रश्नाची भर पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईसह विशाल द्विभाषिक अस्तित्वात आले होते. मुंबई महाराष्ट्राची नव्हे, ती सर्वांची, असा युक्तिवाद महाराष्ट्राला मुंबई न देण्यासाठी केला जात होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक जिंकली तेव्हा ह्या युक्तिवादाला सभागृहातच उत्तर मिळाले. समितीच्या राजवटीतील महापौरांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९५७ मध्ये मो. वा. दोंदे, परळमध्ये शाळा चालविणारे शिक्षणतज्ज्ञ. १९५८ मध्ये मिरजकर, मुंबईचे पहिले कम्युनिस्ट महापौर. १९५९ मध्ये पु. टी. बोराळे, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतील. शिक्षित मध्यमवर्ग, गिरणगाव आणि दलित समाज असे समितीचे तीन आधारस्तंभ एकामागून एक त्या खुर्चीवर येऊन बसले. खुर्चीला सत्ता असती तर तिच्यासाठी समितीतील पक्षांत बहुधा कलह माजला असता. मान तेवढा होता म्हणून तो वर्षावर्षाने वाटून घेता आला. आमच्या मते वार्षिक मुदतीचा असा सदुपयोग अन्यत्र फारसा झालेला नाही. कोल्हापुरातील वाटण्यांशी त्याची तुलना करताना फरक हाच दिसतो की, तेथे प्रत्येक नावाबरोबर एका जनसमूहाची ओळख नगराला होत होती.

मिरजकरांची अडचण निराळीच होती. १९५७ पासून ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि महापालिका ही स्वतः हजारो झाडूवाल्यांची, गटारे उपसणाऱ्यांची, बसकामगारांची मालक होती. ज्या माणसाने आयुष्यभर मालकाच्या टेबलासमोर उभे राहून मागण्या मांडल्या, तो आता टेबलाच्या पलीकडे बसला; परंतु पगार वाढविण्याची, कामावर परत घेण्याची वा एखाद्याची बदली रद्द करण्याची शक्ती त्याच्या हाती नव्हती. ती आयुक्ताकडे व स्थायी समितीकडे होती. शिवाय सभाध्यक्षाला निःपक्षपाती राहावे लागते. म्हणजे नगरसेवक म्हणून जे भाषण करता आले असते तेही त्या वर्षापुरते आवरावे लागणार. पदाने माणसाला उंच नेले आणि त्याच क्षणी त्याची वाणी आखडली. अध्यक्षीय आसनाचा हा पेच विधानसभेच्या अध्यक्षालाही सुटत नाही. मात्र तो कोणत्याही कामगार संघटनेचा अध्यक्ष नसतो.

पद सबळ करण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर-परिषदेची पद्धत आणून महापौराला कार्यकारी सत्ता देण्यात आली, पण ती अल्पकाळच टिकली. आयुक्ताची सत्ता पुन्हा पूर्ववत झाली.

मिरजकरांचे वर्ष एप्रिल १९५९ मध्ये संपले आणि त्यांच्या जागी बोराळे आले. महाराष्ट्र राज्य मुंबईसह १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. मिरजकर ट्रेड युनियन काँग्रेसच्या अध्यक्षपदी १९७३ पर्यंत राहिले, आणि १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.