अल्पाकाच्या पाठीवरून सुयांवर

पेरूमध्ये अँडीज पर्वतातल्या चार हजार मीटर उंचीच्या माळांवर अल्पाकांचे कळप चरतात. उंटाच्या कुळातल्या या जनावराची लोकर साधारणपणे वर्षातून एकदाच कातरतात, तीही पावसाळ्याच्या तोंडावर. कडाक्याची थंडी पडेपर्यंत अंगावर पुन्हा थोडीफार लोकर चढलेली असते.

खरं कसब पुढे आहे. आरेकिपा शहरात लोकरीची प्रतवारी आजही बायका हातांनीच करतात. काही मायक्रॉनचा फरक त्यांच्या बोटांना कळतो! ‘बेबी अल्पाका’ हे नाव वाचून पिल्लांची कीव करायला नको. ते सुमारे २२ मायक्रॉन जाडीच्या तलम प्रतीचं नाव आहे. अशी लोकर मोठ्या जनावराचीही असू शकते.

कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात एक मुळी किसून पाण्यात घुसळतात आणि तिच्या फेसात लोकर धुतात. मग टकळी येते. गप्पा मारता मारता सूत निघतं आणि दोन धागे एकत्र पिळून ते मजबूत करतात. रंगासाठी निवडुंगावरचे कोशिनील किडे वाळवून कुटतात. त्यांचा लाल रंग लिंबू पिळताच नारिंगीकडे झुकतो.

विणकाम मात्र जपून करावं लागतं. मेंढीच्या लोकरीइतका कुरळेपणा अल्पाकात नसतो, त्यामुळे ताणलेली वीण पुरती मागे येत नाही आणि स्वेटर हळूहळू लांबतो. म्हणून टाके घट्ट घालतात, मनगट आणि कमरेशी सुलट-उलट टाक्यांची पट्टी विणतात. असा स्वेटर हँगरला टांगू नये. घडी घालूनच ठेवावा.