अँटेना नसलेल्या घरातला सिनेमा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी टीव्ही नाही. पत्र्यावर छत्री नाही आणि केबलवाल्याच्या वहीत आमचे नाव नाही. हे कळले की वर्गमित्र प्रथम हळहळतात आणि मग विचारतात, "मग रात्री करता तरी काय?" तर मित्रहो, शनिवारी रात्री आम्ही भिंतभर सिनेमा पाहतो. तो कसा, हे सांगावे म्हणून हा लेख.

आधी कारण सांगतो. दहा बाय बाराची खोली आणि माणसे पाच. धाकटी बहीण यंदा दहावीला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे अभ्यासाला शांतता लागते ही गोष्टच घराला नवी होती. टीव्ही होता तेव्हा तो संध्याकाळी सातला लागे आणि अकराला बंद होई. मालिका संपत नाही, आणि चुकून संपलीच तर तिच्या पाठोपाठ दुसरी उभी असते. सिनेमाला मात्र शेवट असतो. दोन-अडीच तासांनी तो संपतो, दिवा लागतो, अंथरुणे पडतात. मोठ्या घरात या फरकाचे काही वाटणार नाही. एका खोलीच्या घरात तो फार मोठा आहे. शिवाय यात नवे असे काही नाही. वडिलांच्या लहानपणी, १९८०च्या दशकात, लोक वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणीत आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे उडवीत.

आता यंत्राकडे वळू. बाजारात हातात मावणारे नवे स्वस्त प्रोजेक्टर मिळतात. खोक्यावर हजारो लुमेनचा आकडा असतो, पण त्यावर जाऊ नये. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. ते ठरावीक पद्धतीने मोजले असेल तर 'एएनएसआय लुमेन' असे लिहितात, आणि अशा स्वस्त यंत्रांत तो आकडा पुष्कळदा दोनशेच्या आसपासच निघतो. आमचा पडदा सहा फूट रुंद व साडेचार फूट उंच, म्हणजे २७ चौरस फूट. दोनशे लुमेन त्यावर पसरले की चौरस फुटाला सातच येतात. चित्रपटगृहात हेच प्रमाण साधारण १४ ते १६ असते. पडद्याची रुंदी आणि उंची दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते आणि उजेड एक चतुर्थांश उरतो, हेही ध्यानात असावे. हाव पडद्याची नको.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, नवा स्वस्त घेण्यापेक्षा शिकवणीवर्गाने किंवा कचेरीने काढून टाकलेला जुना प्रोजेक्टर घ्यावा. हे यंत्र नवे असताना तीन हजार लुमेनचे असते. दिवा म्हातारा होऊन निम्मा झाला तरी आमच्या पडद्यावर चौरस फुटाला ५५ पडतात. घेताना दिवा किती तास जळला आहे ते यंत्राच्याच मेनूत पाहता येते. नवा दिवा महाग असतो, तेव्हा तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

या यंत्राची एक शिस्त मात्र पाळावी लागते. दिवा अतिशय तापतो. बटण बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत पिन उपटायची नाही. आमच्याकडे वीज न सांगता जाते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर ठेवले आहे. ते अडीचशे-तीनशे वॅट खाते, तेव्हा इन्व्हर्टर तेवढ्या ताकदीचा हवा. हवेची जाळी महिन्यातून एकदा झटकावी. आमच्या रस्त्याची धूळ पाहता दोनदा.

पडदा विकत घेतला नाही. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत उत्तम. ऑइलपेंटची भिंत चकाकते आणि मधोमध उजेडाचा डाग पडतो. चादर लावायची तर मागे काळे कापड हवे, नाहीतर अर्धा उजेड आरपार निघून जातो. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवावा. तिरका ठेवून मेनूतून चौकट सरळ करता येते, पण त्यात चित्राची धार जाते.

जुन्या यंत्राला बहुधा संगणकाची जुनी निळी व्हीजीए वायर लागते. तिच्यातून चित्र येते, आवाज येत नाही. आवाजाची वायर लॅपटॉपमधून वेगळी काढून स्पीकरला द्यावी आणि स्पीकर पडद्याच्या खालीच ठेवावा. पाठीमागून आलेला संवाद पात्राचा वाटत नाही. बिनतारी स्पीकर टाळावा. त्याचा आवाज कधी कधी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका मागे पडतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, म्हणजे ओठ पाच चित्रे पुढे निघून गेलेले असतात!

वर्गात वापरायचे हे प्रोजेक्टर चारास तीन या प्रमाणाचे असतात. नवे सिनेमे त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून दिसतात. पण जुने मराठी चित्रपट जवळजवळ याच प्रमाणात घेतलेले आहेत. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' आणि अत्र्यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' आमच्या भिंतीवर काठोकाठ बसतात. हेच चित्र रुंद पडद्यावर ताणून भरले तर तुकाराम महाराज चांगले गुटगुटीत दिसू लागतात. आजीला ते मुळीच चालणार नाही.

सिनेमे आणायचे कुठून? जुन्या बाजारात तबकड्या मिळतात. डीव्हीडी सहा फुटांवर बऱ्यापैकी दिसते. व्हीसीडीत चित्राचे ठिपके जेमतेम चौथा हिस्सा असतात, त्यामुळे चेहरे लांबून पाहावेत. पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल बसत नसेल तर ती फॅट-३२ पद्धतीने बांधलेली असते. एक्सफॅट करून घ्यावी, मात्र त्याआधी आतला माल दुसरीकडे काढून ठेवावा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. घरी विकतच्या तबकडीवर पाहायला कोणाची हरकत नाही, पण हाच प्रोजेक्टर गल्लीच्या गणपतीपुढे लावून नवा सिनेमा दाखवायचा तर हक्कदाराची परवानगी लागते. मंडळाचे लोक दरवर्षी येतात. मी त्यांना हे सांगतो आणि 'संत तुकाराम'ची तबकडी देतो.