सोलापुरी उन्हात घरचं ऑफिस

घरून काम करणं सोलापूरला नवं नाही. विडी वळणाऱ्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. 2020 च्या टाळेबंदीने त्यात लॅपटॉपवाल्यांची भर घातली, एवढंच. शहरातल्या सात रस्ता परिसरात घरून कामाची जागा मांडताना आधी उन्हाचा विचार करावा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्रीपर्यंत धग सोडत राहते. म्हणून टेबल उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी, उजेड बाजूने येईल असं ठेवावं. खिडकी पाठीमागे असली की स्क्रीन चकाकते, समोर असली की डोळे दिपतात. कूलर लावला तर हवा बाहेर जायला दार किंचित उघडं हवं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

खुर्चीत पावलं जमिनीला टेकावीत, कोपर काटकोनात राहावं. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर आणायला जाड पुस्तकं पुरतात. कीबोर्ड आणि माउस मात्र वेगळे लागतात. कमरेच्या पोकळीत सोलापुरी टॉवेलाची गुंडाळी महागड्या उशीइतकीच कामाची. इन्व्हर्टरवर पंख्याबरोबर राउटरही जोडून घ्यावा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला बहुधा नसते. वाहनांचा आवाज जाड पडद्याने थोडाच अडतो, त्यामुळे मीटिंगसाठी मागची खोली बरी.