दात बदलले, हिशेबही बदला

क्लच न दाबता आपले आपण गिअर बदलणारी मोटार आता आपल्याकडेही दिसते. दुसरा गिअर केव्हा टाकावा, तिसरा केव्हा, हे तिला कळते कसे? ती फेऱ्या मोजते. या मोजणीत एक आकडा चुकला, की पुढचा सारा हिशेब चुकतो. अमेरिकेतले उदाहरण पाहू.

तेथील शेव्हरोले पिकअप गाड्यांत १९९३ पासून फोर-एल-सिक्स्टी-ई नावाची गिअरपेटी बसू लागली. तिचे गिअर एक लहानसा संगणक बदलतो. पेटीतून निघालेला दांडा मागच्या आसाकडे जातो. त्याच्या टोकाला लहान पिनियन, आणि पिनियन फिरवते मोठ्या क्राऊनला. क्राऊनला ४१ दात, पिनियनला १२. भागाकार ३.४२. म्हणजे दांड्याच्या ३.४२ फेऱ्यांना चाकाची एक फेरी.

जड ओझे ओढायचे असले, की काही मालक १० दातांच्या पिनियनची जोडी बसवतात. आता ४१ भागिले १०, म्हणजे ४.१०. सायकलचे पुढचे चक्र लहान केले, की चढण सोपी जाते, पण पायडल जास्त मारावे लागते; तसेच हे. त्याच वेगाला दांडा आता १.२ पट फिरतो.

ग्यानबाची मेख इथेच आहे. फेऱ्या मोजणारे यंत्र चाकावर नसते, पिनियनच्या अलीकडे असते. संगणक बिचारा जुनाच ३.४२ धरून बसतो. गाडी तासाला ६० मैल धावत असता काटा ७२ दाखवतो!

मग कारागीर संगणकात ४.१० हा आकडा भरतो. काटा खरे बोलू लागतो. पुष्कळजण येथेच थांबतात, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. गिअर कोणत्या वेगाला बदलावा, याचा तक्ताही संगणकात असतो, आणि तो जुन्या दातांसाठी केलेला असतो. समजा, तक्त्यात ४० मैल लिहिले आहेत. नव्या दातांनी खरे ४० मैल गाठेपर्यंत इंजिन पूर्वीपेक्षा एक-पंचमांश जास्त फिरलेले असते. जो गिअर इंजिनाच्या ५००० फेऱ्यांवर बदलत होता, तो आता ६००० वर बदलू पाहील. इंजिन किंचाळते, तेल जास्त जळते, आयुष्य घटते.

उपाय सोपा आहे. तक्त्यातील वेगांना १.२ ने भागावे. ४० चे ३३, ६० चे ५०, ९० चे ७५. टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच ज्या वेगाला घट्ट बसतो, तो आकडाही तसाच उतरवावा. मात्र मूळ आकडे आधी वहीत लिहून ठेवा, आणि बदल केल्यावर रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर, इंजिनाच्या फेऱ्यांवर नजर ठेवून, पारख करा.

आपल्याकडे जीपला मोठे टायर बसवण्याची हौस असते. तेथे हाच हिशेब उलटा होतो. चाकाचा घेर दहा टक्के वाढला, तर काटा ६० किलोमीटर दाखवील, पण गाडी ६६ ने धावत असेल. घाटाच्या वळणावर हा फरक क्षुल्लक नाही.

गुरुजी, हे गणित फळ्यावर जरूर मांडा. मुलांना सायकलच्या दोन्ही चक्रांचे दात मोजायला लावा. यंत्र फेऱ्या बिनचूक मोजते. पण कशाने भागायचे, ते माणसानेच त्याला सांगावे लागते.