हैदराबादच्या भट्ट्यांतले ग्रीक घराणे

हैदराबादच्या कांचनबागेत 'मिश्र धातु निगम' म्हणजेच मिधानीच्या भट्ट्यांत टायटॅनियम वितळते. त्याच शहरात मौला अलीच्या बाजूला अणुइंधन संकुलात युरेनियमचे इंधन तयार होते. ग्रीक पुराणकथांत युरेनस हा आकाशदेव आणि टायटन ही त्याची पृथ्वीपासून झालेली बलदंड मुले. दोन्ही धातूंची नावे एकाच माणसाने ठेवली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने १७८९ मध्ये युरेनियमला नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाचे नाव दिले आणि १७९५ मध्ये टायटॅनियमचे बारसे केले.

टायटॅनियम बळकट, म्हणून हे नाव पडले, असे अनेकांना वाटते. पण शुद्ध धातू क्लाप्रोटने पाहिलाही नव्हता. त्याच्या हाती होते फक्त ऑक्साइड. गुणधर्म ठाऊक नसताना गुणवाचक नाव देणे त्याला पटेना, म्हणून त्याने पुराणाचा आधार घेतला.

त्याआधी १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूत विल्यम ग्रेगर यांना हेच मूलद्रव्य आढळले होते. या वाळूतले खनिज म्हणजे इल्मेनाइट. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आहे.

खनिज मुबलक असले तरी धातू सहजी सुटत नाही. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. म्हणून आधी खनिजापासून टायटॅनियम टेट्राक्लोराइड बनवतात आणि आर्गॉन वायूच्या आवरणात वितळलेल्या मॅग्नेशियमशी त्याची अभिक्रिया घडवतात. विल्यम क्रोल यांच्या या पद्धतीत हाती येतो तो सच्छिद्र 'स्पंज'. तो दाबून, निर्वात भट्टीत विद्युत चापाने (आर्क) वितळवून त्याचे ठोकळे ओततात. हैदराबादच्याच संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने स्पंजचे तंत्र भारतात विकसित केले आणि त्यावर केरळात चवरा येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा प्रकल्प २०११ मध्ये उभा राहिला.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनात हा धातू तोलामोलाची ताकद देतो, समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही आणि हाडाशी एकजीव होतो. विमानाचे इंजिन, उपग्रहाची इंधनटाकी, दाताचे रोपण, सगळीकडे तो हजर. नावाला साजेसे बळ सिद्ध व्हायला दीडशे वर्षे गेली.

टायटन हे नाव इतरत्रही फिरले. १९१२ मध्ये बुडालेली टायटॅनिक, टाटा समूहाची १९८४ मधली घड्याळाची कंपनी आणि शनीचा सर्वांत मोठा उपग्रह.

हैदराबादेत ग्रीक पुराणातली आणखी एक बाप-लेक जोडी आहे. अँडर्स एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये शोधलेल्या धातूचे ऑक्साइड आम्लात बुडवूनही विरघळेना. म्हणून पाण्यात उभा राहूनही तहानलेल्या टँटॅलसवरून त्यांनी त्याला टँटॅलम म्हटले. त्याच्याच खनिजात सापडणाऱ्या भावंडाला हाइनरिश रोझ यांनी १८४४ मध्ये टँटॅलसची मुलगी निओबीचे नाव दिले. अणुइंधन संकुलात हे दोन्ही धातू शुद्ध केले जातात. निओबियमचा सी-१०३ हा मिश्रधातू रॉकेट इंजिनांच्या नोझलसाठी वापरतात. त्यात सुमारे दहा टक्के हाफ्नियम असते आणि एक टक्का टायटॅनियम.