सदतिसाला एक : थळ घाटातलं मागचं इंजिन

मुंबईहून नाशिककडे निघालेली लांबच्या पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते, तेव्हा डब्यातल्या बहुतेकांना त्याचं कारण ठाऊक नसतं. कोणी उतरत नाही, कोणी फारसं चढत नाही. शेवटच्या डब्याच्या मागे मात्र दोन इंजिनं, कधी तीन, सावकाश येऊन टेकतात. पॉइंट्समन शेवटचा डबा आणि इंजिन यांच्या मधल्या जागेत वाकतो, कपलिंग बसल्याची खात्री करतो, ब्रेकचा पाइप जोडतो आणि बाहेर येऊन हात दाखवतो. पाइपातला हवेचा दाब तपासला जातो. पुढचा भोंगा वाजतो, मागचा त्याला उत्तर देतो आणि गाडी हलते. पुढून ओढली जाते आणि मागून ढकललीही जाते. रेल्वेत या मागच्या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात.

कसारा हे शहापूर तालुक्यातलं, ठाणे जिल्ह्याच्या हद्दीवरचं स्टेशन. लोकल इथे संपते. पुढे इगतपुरीपर्यंत थळ घाटाचा जेमतेम १५ किलोमीटरचा तुकडा आहे. आखूड रेल्वेमार्गांवर लिहायचं ठरलं तेव्हा बार्शी लाइट आणि शकुंतला ही नावं आधी सुचली. दोन्हींवर पुष्कळ लिहून झालं आहे. या १५ किलोमीटरांना वेगळं नाव नाही, वेगळी कंपनी नाही, पण त्यांचं जगणं स्वतंत्र आहे : स्वतःची इंजिनं, स्वतःचे नियम, स्वतःचा वेग. मला ओढ लागली ती इथल्या बँकरची, आणि त्याच्या मागे मागे जाताना शेजारचा मुरबाड तालुका या कथेत आला.

मुरबाडपासूनच सुरुवात करायला हवी, कारण रेल्वे आधी तिथून जाणार होती. कोकणातून देशावर चढायच्या वाटा या भागात फार जुन्या. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढतो. सोपारा-कल्याणचा माल त्या वाटेने जुन्नरला जात असे आणि वरचा दगडी रांजण आजही जकातीची आठवण देतो. त्याच्या शेजारचा माळशेज. जॉन चॅपमन आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांनी १८४० च्या दशकात मुंबईहून देशावर रेल्वे न्यायचा बेत मांडला, तेव्हा सह्याद्री ओलांडण्यासाठी त्यांच्या नजरेसमोर माळशेजच होता. १८४९ मध्ये कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी उभी राहिली आणि जेम्स बर्कली तिचे मुख्य अभियंता झाले. त्यांनी डोंगर नव्याने पाहिले आणि माळशेज सोडला. इतक्या थोड्या अंतरात एवढी उंची घेणं त्या काळच्या इंजिनाला झेपणारं नव्हतं. एका घाटाऐवजी दोन निवडले गेले, पुण्याकडे बोर आणि नाशिककडे थळ. कल्याणला रूळ दुभंगले आणि दोन्ही फाट्यांच्या मधे मुरबाड कोरडा राहिला.

पुढचा इतिहास पटकन सांगता येतो. १ ऑक्टोबर १८५५ ला वासिंद, १८६० मध्ये शहापूरचं आसनगाव, १ जानेवारी १८६१ ला कसारा. मग चार वर्षं गाडी कसाऱ्यालाच थांबली, कारण पुढे डोंगर पोखरायचा होता. १३ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, त्यातला एहेगावचा पूल सुमारे १८० फूट उंच. बोर काय आणि थळ काय, पटकीने आणि तापाने इथे किती मजूर गेले याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. बर्कली स्वतः १८६२ मध्ये वारले, त्यांनी आखलेल्या दोन्हींपैकी एकही घाट त्यांना सुरू झालेला दिसला नाही. १ जानेवारी १८६५ ला इगतपुरीपर्यंत गाडी पोहोचली.

हे सारं कशासाठी चाललं होतं, ते तारखांवरून कळतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला होता आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव होता. घाट खुला झाला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. घाट राहिला. माणसांसाठी नव्हे, मालासाठी बांधलेला हा रस्ता आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुढची गोष्ट नीट कळते.

घाटाचा सगळ्यात तीव्र चढ सदतिसाला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मोटारीत बसलेल्याला हा चढ जाणवणारही नाही. रेल्वेसाठी तो भयंकर आहे, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत टेकलेलं असतं. मोठ्या गाड्या ओढणारं आजचं इंजिन १२३ टनांचं. पावसाने रूळ ओला झाला की त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा, एवढीच ओढ चाकाला धरते. त्याहून जास्त ताकद लावली तर चाक जागच्या जागी फिरतं. आता हिशेब करा. १,२०० टनांची प्रवासी गाडी या चढावर नुसती धरून ठेवायला ३२ टनांचं बळ लागतं, हलवणं तर दूरच. ४,००० टनांची मालगाडी असेल तर १०८ टनांचं. एका इंजिनाच्या आवाक्यातलं हे काम नाही, मग ते कितीही दणकट असो.

मग तीन इंजिनं पुढेच का लावत नाहीत? माझ्या कुतूहलाची खरी गाठ इथेच होती. सगळी ओढ पुढून घेतली तर ती सगळी पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येते. त्याला सोसण्याची मर्यादा आहे. ते तुटलं तर मागचे सगळे डबे कसाऱ्याकडे सुटू शकतात. म्हणून ताकद वाटून घ्यायची : पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात. या दोन्हींच्या सीमेवर, गाडीच्या पोटात कुठेतरी एक जागा अशी असते जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो. ही जागा स्थिर नाही. वळण आलं, चढ कमी-जास्त झाला, पुढच्याने किंवा मागच्याने हात सैल केला, की ती डब्यांमधून पुढे-मागे सरकते. बँकरने गरजेपेक्षा जास्त रेटा दिला तर वळणावर मधले डबे बाहेरच्या बाजूला दबतात आणि रुळावरून उतरू शकतात. कमी दिला तर सगळा भार पुन्हा पुढच्या कपलिंगवर जातो.

आणि हे साधणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. २४ डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरहून लांब असते. पुढचं इंजिन बोगद्यातून बाहेर पडलेलं असताना मागचं अजून आत शिरायचं असतं. बँकरच्या चालकासमोर सिग्नल नसतो, शेवटच्या डब्याची पाठ असते. पूर्वी फक्त भोंग्याच्या खुणा होत्या, आता वॉकीटॉकी आहे, पण धुक्यात आणि जुलैच्या धारांमध्ये त्याला भरवसा ठेवावा लागतो तो समोरच्या मीटरच्या काट्यावर आणि बुडाखालून येणाऱ्या हादऱ्यावर. इगतपुरीला तो सुटतो आणि पुढच्या गाडीसाठी घाट उतरून परत येतो. प्रवाशांपैकी कोणी त्याला पाहिलेलं नसतं. गाडी वेळेवर पोहोचली तर नाव पुढच्याचं होतं. मला हे काम फार मोठं वाटतं.

घाटाला लागणारी यंत्रं काळागणिक बदलली. पहिल्या वाफेच्या काळात खास घाटासाठी बनवलेली टाकीची इंजिनं होती. त्यांना चाकांच्या ब्रेकशिवाय थेट रुळावर दाबून बसणारे वेगळे ब्रेक असत, कारण चढण्यापेक्षा उतरणं जास्त भीतीचं होतं. तेव्हा वाटेत उलटफेरीचं स्थानकही होतं. गाडी त्यात एका तोंडाने शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि ती उलट्या दिशेने पुढचा चढ घ्यायची. १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत वीज आली, ठाकुर्लीच्या चोळे वीजघरातली. तिच्याबरोबर स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमध्ये आणि इंग्लंडमध्ये बनलेली, लांब नाकांची, बाजूला दांडे फिरवणारी मालगाडीची इंजिनं आली. त्यांना इथल्या कामगारांनी ‘खेकडा’ म्हटलं. घाट उतरताना ती वीज परत तारेत सोडत, म्हणजे उतरणाऱ्या गाडीची ताकद चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. १९२० च्या दशकातल्या यंत्राने हे करावं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. खेकड्यांनंतर १९७० च्या दशकात चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ आली आणि दोन्ही घाटांत बँकर म्हणून राबली. डीसी वीज जाऊन एसी आली तशी तीही गेली.

उतरणीची काळजी मात्र गेली नाही. घाटात ठिकठिकाणी ‘कॅच सायडिंग’ आहेत, डोंगराच्या बाजूला वर चढत जाणारे आंधळे रूळ. सांधा एरवी त्यांच्याकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते. गाडी इतका वेळ का थांबली म्हणून डब्यात कुरकुर होते, तेव्हा बरेचदा ही परीक्षा चाललेली असते.

बँकरचे दिवस संपत आलेत, असं आता बोललं जातं आणि त्याला आधार आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिनं लावून घाट पार करवला गेला, कसाऱ्याला जोडणं-सोडणं वाचलं. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत बँकरशिवाय चढते, कारण तिची ताकद डब्यांखाली, गाडीभर वाटलेली आहे. प्रवासी गाड्यांचा प्रश्न असा सुटत जाईल.

मालगाडीचा सुटत नाही. वाघिणीखाली मोटर नसते. तिच्यासाठी चढच कमी करावा लागेल आणि त्याकरता शंभराला एक अशा सौम्य चढाच्या, नव्या बोगद्यांतून जाणाऱ्या मार्गाचा विचार रेल्वेत चालू आहे. तसं झालं तर १,२०० टनांची गाडी नुसती धरून ठेवायला ३२ ऐवजी १२ टनांचं बळ पुरेल. पण सुमारे ३०० मीटर उंची शंभराला एक या दराने घ्यायची तर ३० किलोमीटर लांबी हवी, आजच्या दुप्पट, आणि तीही बरीचशी डोंगराच्या पोटातून. बर्कलींकडे ते साधन नव्हतं. आपल्याकडे आहे, त्याचा पुरावा त्याच डोंगरात आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि त्यात सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. ट्रक आता तिथून सरळ निघून जातो. त्याच डोंगरावर मालगाडी १८६५ च्या चढाशी झगडते. लांबचा जड माल ट्रकवर गेला तर डिझेल जास्त जळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी रस्त्याचा बोगदा आधी झाला.

घाटाखालची अवस्था बिकट आहे. कल्याण ते कसारा ६७ किलोमीटरमध्ये दोनच रूळ. लोकल, मेल, मालगाडी सगळ्या त्यावरच. मागून मेल आली की लोकल बाजूला उभी राहते आणि आसनगाव, आटगाव, खर्डीची माणसं कामावर उशिरा पोहोचतात. तिसऱ्या मार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे आणि मुख्य अडचण जमिनीची. ती ज्यांच्याकडे मागितली जाते, त्या शहापूर तालुक्याने तानसा, वैतरणा, भातसा या मुंबईच्या तलावांना जमीन दिली, नंतर महामार्गाला दिली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना ‘विकासात अडथळा’ म्हणणं मला पटत नाही. योग्य मोबदला वेळेवर हातात पडला तर निम्मी अडवणूक राहणार नाही.

पावसाचा धाकही वाढतो आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये वासिंद-आसनगाव दरम्यान दरडीमुळे नागपूर-मुंबई दुरांतो घसरली. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्टेशनात फलाटापर्यंत पाणी चढलं आणि घाटात दगड-माती रुळावर आली. बँकर असो वा नसो, हा डोंगर दर पावसाळ्यात माणसांनी डोळ्यांत तेल घालून राखावा लागणार आहे.

आणि मुरबाड? कल्याण-मुरबाड हा २८ किलोमीटरचा मार्ग आता कागदावर आला आहे, निम्मा खर्च राज्याने उचलायचा आहे. पुढे माळशेजवरून नगरपर्यंत जाण्याची मागणी इथली माणसं पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. या मार्गाबद्दल बोलणं होतं ते लोकलचं, नोकरदारांचं, घरांच्या वाढणाऱ्या किमतींचं. मालाचं कोणी बोलत नाही. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, आसपास भात आहे, भाजीपाला आहे आणि सगळं ट्रक-टेम्पोने कल्याणच्या कोंडीतून जातं. नव्या स्टेशनाच्या आराखड्यात मालधक्का, त्याच्याजवळ ट्रक वळवायला मोकळी जागा आणि वसाहतीपर्यंत जाणारी एक बाजूची लाइन आजच आखून ठेवायला हवी. बाजूचे भूखंड एकदा विकले गेले, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, की ती जागा कोणत्याही किमतीला मिळणार नाही.