एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना शेक घ्यावा का?

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सुमारे 6 पट असतो. त्यावर किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो, सांगितला की पहिला प्रश्न येतो, ‘आधीच अंगात ताकद नाही, झेपेल का?’ एआरटीच्या गोळ्या नियमित असतील तर बहुतेकींना झेपतो.

बाहेरून शेक साधारण 5 आठवडे चालतो, नंतर आतून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ, थकवा सुरू होतो. हे कुणालाही होते. प्रतिकारशक्ती उतरलेली असेल तर मात्र कातडी लवकर सोलवटते, पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून दर आठवड्याची रक्ततपासणी चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेकासोबत बहुधा सिस्प्लॅटिनचे सलाईन असते. ते आणि एआरटीतले टेनोफोव्हिर, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर पडतो. डॉक्टर औषध बदलू शकतात, पण एचआयव्ही त्यांच्यापासून लपवला तर कसे बदलणार? एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे 2017 च्या कायद्याने बेकायदा आहे. शेजारणीला सांगू नका हवे तर, डॉक्टरला सांगा.

जुलाबाला कंटाळून शेक अर्धवट सोडू नका. सगळा शेक 8 आठवड्यांत संपला तर गुण चांगला येतो. ओआरएस, ताक, मऊ भात घ्या. शेकाच्या जागी हळद, बाम लावू नका. आणि बाहेरच्या शेकाची किरणे अंगात राहत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घ्या.